चेस्टनटखालची माशी

हिलेर ब्रिफोने तीस वर्षं बटणं विकली आणि तीस वर्षांत त्याचं एकही वाक्य कुणी शेवटापर्यंत ऐकून घेतलं नाही. गिऱ्हाईक यायचं, शिंपल्याचं बटण बोटांत फिरवायचं, भावावरून नाक मुरडायचं, आणि ब्रिफो प्रशियाच्या फौजेबद्दल काही सांगायला तोंड उघडेपर्यंत दाराबाहेर पडलेलं असायचं. घरी विधवा बहीण उर्स्युल. ती ऐकायची, नाही असं नाही, पण स्वयंपाकघरातून. आणि लढाई ऐन रंगात आली की नेमकं तेव्हाच पातेलं आपटायची.

शेवटी पंचावन्नाव्या वर्षी त्याने दुकान पुतण्याच्या गळ्यात मारलं, आठवण म्हणून बटणांची एक पिशवी तेवढी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला तो शहरातल्या बागेतल्या मोठ्या चेस्टनटच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

पॅरिसमध्ये तेव्हा छापील वर्तमानपत्र निघत असे. पण ते सरकारी परवान्याचं. राजेसाहेब शिकारीला गेले आणि राणीसाहेबांचा खोकला थांबला, यापलीकडे त्यात तिसरी बातमी शोधायची तर भिंग लागायचं. खरी बातमी हवी असेल त्याने झाडाखाली यावं. रोज सकाळी पन्नास-साठ माणसं तिथे जमायची. अर्ध्या पगारावरचे कप्तान, पक्षकार नसलेले वकील, नाटकवाले, दात काढणारे, आणि ज्यांना घरी कुणी विचारत नाही असे बाकीचे सगळे. सरदारांच्या आचाऱ्याने आचाऱ्याला सांगितलेलं इथे यायचं, त्यावर तास तास वाद व्हायचा, आणि वादातून जे शिल्लक राहील ते नकलनवीस हाताने उतरवून, कोटाच्या अस्तरात घालून गावोगावच्या वर्गणीदारांना पाठवायचे. नव्या जमान्यात माणसाने स्वतःच्या अकलेने विचार करावा, असं तेव्हा जो तो म्हणत होता. झाडाखाली तो साठजण मिळून करायचे, म्हणजे एकट्यावर ताण नको.

झाडाची एक ख्याती होती. त्याच्या सावलीत कुणी थाप मारली की म्हणे त्याची फांदी कडाडते. झाड म्हातारं आणि भिडस्त होतं, त्यामुळे ते काम मंडळीच करायची. कुणाची बातमी पचली नाही की सगळे एका सुरात ओरडायचे, "कडाड्!" एकदा का कडाडलं की बातमी मेली. त्यावर अपील नाही.

ब्रिफोवर रोज कडाडायचं आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. कारण कडाडण्याआधी तो तासभर तरी ऐकला गेलेला असायचा. तो काठीने वाळूत ऱ्हाइन नदी काढायचा, टाचेने डोंगर उठवायचा आणि पिशवी सोडायचा. पितळी बटणं म्हणजे आपली फौज, हाडाची म्हणजे शत्रूची, शिंपल्याची म्हणजे सेनापती. दुपारच्या जेवणापर्यंत लढाई जिंकून तो मेलेली बटणं एका खिशात आणि जिवंत दुसऱ्या खिशात घालायचा. तीन आठवड्यांनी खरी बातमी यायची की आपली फौज त्याच दिवशी धूम पळत सुटली होती. मंडळी "कडाड्!" करून हसायची, ब्रिफोही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडं करून सगळे त्याच्याभोवती हजर. खोटं असं सांगणारा पुन्हा मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

नऊ वर्षं असं चाललं. मग माशी शिंकली.

ही नुसती म्हण नाही. पॅरिसमध्ये कोतवालीच्या खबऱ्याला माशीच म्हणतात. कुठेही बसते, कुणाचंही खाते, आणि उडून गेल्यावर काय ठेवून गेली ते कळतं.

झालं असं की, राजेसाहेबांच्या बाईंवर एक चावट गाणं आलं होतं. शनिवारी ते झाडाखाली हळू आवाजात म्हटलं गेलं, तेव्हा अकराच माणसं हजर होती. सोमवारी त्यातले दोन नकलनवीस बिछान्यातून उचलले गेले, आणि गाण्याच्या तिन्ही कडव्यांसकट. म्हणजे उरलेल्या नवांत एक माशी. मंगळवारी ते नऊजण एकमेकांकडे असे बघत होते की जणू प्रत्येकाने दुसऱ्याच्या बायकोचं पत्र वाचलंय.

त्यांच्यात ब्रिफो होता, आणि आन्सेल्म त्रिकारही. पूर्वी वकिलाचा कारकून, आता बातमीपत्राच्या नकला करणारा. बारीक आवाज, बारीक खोकला, दर गुरुवारी ब्रिफोकडे जेवायला. त्रिकार कुणाबद्दल कधी वाईट बोलत नसे. त्या दिवशीही बोलला नाही. त्याने फक्त पाद्री फ्लोकेलच्या कानाशी जाऊन एक प्रश्न विचारला आणि खोकत बाजूला झाला.

फ्लोकेल पाद्री म्हणजे झग्यापुरता. वय अठ्ठावीस, प्रार्थना पाठ नाही आणि लावण्या सगळ्या पाठ, जीभ न्हाव्याच्या वस्ताऱ्यासारखी. तो कड्याच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"ब्रिफोबाबा, एक सांगा. आरमारमंत्र्यांना गाढव कोण म्हणालं होतं?"

"मी!" ब्रिफो खूश.

"आणि खजिनदार म्हणजे तळ गेलेली बादली, हे कुणाचं?"

"माझंच. सगळ्यांसमोर म्हणालोय."

"मोठ्यानं?"

"हळू बोलायला मी काय चोर आहे?"

"खरंच की. आता पकडले गेले ते दोघं बिचारे कुजबुजत होते, बाबा. आणि तुम्ही नऊ वर्षं ओरडताय. तुम्हाला कधी कुणी हात लावला?"

"कुणाची छाती आहे?" ब्रिफोने काठी आपटली.

तिथेच मेला बिचारा. साठ माणसं त्याच्याकडे वळली. मग पाद्री फ्लोकेलने ओठ मिटले, डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात सुरुवात केली, "भुंऽऽऽ."

दुसऱ्या दिवसापासून ब्रिफोने तोंड उघडलं की कड्यातून भुणभुण सुरू व्हायची. कोण करतंय ते दिसायचं नाही, सगळ्यांचे ओठ मिटलेले. त्याच्या बाकावरच्या जागी कुणीतरी साखरेची चिमूट ठेवायचं. एक दिवस मध फासला, आणि ब्रिफो त्यावर बसला. उठताना विजार बाकालाच राहते की काय अशी अवस्था. "बाबा, सांभाळा, पंख चिकटतील!" मागून आवाज आला. त्याने ऱ्हाइन नदी काढली तर सगळे तिच्यावरून चालत दुसऱ्या बाकाकडे गेले. पितळी फौज वाळूत एकटीच उभी.

घरी तरी काय? उर्स्युलने सूप वाढताना विचारलं, "हिलेर, खरं सांग. कोतवालीतून तुला काही मिळतं का रे?"

"तूसुद्धा?"

"नाही, मी काही बोलत नाही. पण मिळत असेल तर थंडीत आपल्याकडे लाकडं का नसतात, एवढंच विचारते."

गुरुवारी त्रिकार आला. उर्स्युलने ससा केला होता, मोहरी घालून. शेजारपाजारच्यांनी ब्रिफोच्या दारावरून जाणं सोडलं होतं, पण त्रिकार आला. ब्रिफोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन्सेल्म, तू एकटा राहिलास."

"असं नको म्हणूस, हिलेर. लोक आंधळे असतात." त्रिकारने मांडीचा तुकडा आपल्या ताटात ओढला. "पण त्यांच्या बाजूनंही बघ. त्यांना पुरावा पाहिजे."

"मी माशी नाही याचा पुरावा कुठून आणू? माशी असल्याचा असतो. नसल्याचा कसा असेल?"

"आहे ना एक. माशीला कोतवाली कधी पकडत नाही."

ब्रिफोचा काटा हवेतच राहिला.

"बास्तीयच्या तुरुंगात महिनाभर राहून आलेल्याला लोक खांद्यावर घेतात," त्रिकार पुढे म्हणाला. "त्याच्या जोड्यावरसुद्धा कविता होतात. तुला फक्त एकदा पकडून न्यायला हवं. मग कोण भुणभुण करतो बघू."

दोघांनी मिळून आरमारमंत्र्यावर आठ ओळींची कविता रचली. म्हणजे ब्रिफोने रचली आणि त्रिकारने वृत्त बसवून दिलं. एक ओळ मात्र कशी केली तरी बसेना. "मंत्र्याचं डोकं म्हणजे बिनभोकाचं बटण: चकचकीत, पण कुठंच लावता येत नाही." त्रिकार इतका हसला की त्याला ठसका लागला. "सोडून दे रे, वृत्तात येत नाही ती," डोळे पुसत तो म्हणाला. ती ओळ सुटली. बटणवाल्याची आयुष्यातली एकमेव खरी विनोदी ओळ, आणि ती तीन माणसांपलीकडे गेली नाही, असं त्याला वाटलं.

शनिवारी त्याने झाडाखाली खुर्ची मागितली. बागेतल्या खुर्च्या भाड्याने द्यायचं काम पेरपेतआईकडे होतं. सत्तरीची बाई, कमरेला चामड्याची थैली, पायात लाकडी खडावा.

"बसायला की चढायला?" तिने विचारलं.

"चढायला."

"मग मोडकी घे. पडलास तर माझी चांगली तरी वाचेल."

ब्रिफो मोडक्या खुर्चीवर चढला आणि आठही ओळी घसा फोडून म्हणाला. मंत्र्याचं नाव घेऊन, आडनाव घेऊन, मंत्र्याच्या आजीसकट. म्हणून झाल्यावर त्याने दोन्ही हात पुढे केले, जणू आत्ता कुणी बेड्या घालेल. कुणी आलं नाही. रविवारी कुणी आलं नाही. सोमवारी तो स्वतःच कोतवालीत गेला.

फौजदार तूर्नमिन टेबलाशी बसून नासपतीचं साल काढत होता. अतिशय सभ्य माणूस. त्याने ब्रिफोला बसायला सांगितलं.

"मला पकडा," ब्रिफो म्हणाला.

"कशाबद्दल?"

ब्रिफोने कविता पुढे सरकवली. तूर्नमिनने वाचली, पुन्हा वाचली, नासपतीची एक फोड तोंडात टाकली.

"मस्यू ब्रिफो, माझ्याकडे महिन्याला अशा चाळीस येतात. त्यातल्या चांगल्या कवितांनाच मला कोठड्या पुरत नाहीत."

"पण यात मी मंत्र्याला गाढव म्हटलंय!"

"हो. आणि गाढवाचं यमक शेवटच्या ओळीत चुकलंय. त्यासाठी तुम्हाला पकडायचं तर कवींनी पकडावं. फोड घेता?"

ब्रिफोने नको म्हणायला हवं होतं. पण तो तीस वर्षं दुकानात बसलेला माणूस. समोरच्याने सभ्यपणे काही दिलं की घ्यायचं, ही सवय. नासपतीची फोड चघळत तो कोतवालीच्या पायऱ्या उतरला आणि समोर पाद्री फ्लोकेल उभा.

"अरे वा, बाबा. आता जेवायलाही घालतात वाटतं?"

त्या दुपारी झाडाखाली नासपतीच्या सालींचा हार बाकाला लटकत होता.

बुधवारी सकाळी अकरा वाजता ब्रिफोने ती कविता खळ लावून तूर्नमिनच्या घराच्या दारावर चिकटवली. खाली पूर्ण नाव, पत्ता, आणि घरी कधी असतो ती वेळ. तूर्नमिनच्या सासूबाई नेमक्या तेव्हाच चर्चमधून परत येत होत्या. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, शेजारणीला पुन्हा वाचून दाखवली. आता मात्र फौजदाराचा नाइलाज झाला. शनिवारी सकाळी चार शिपाई ब्रिफोच्या दारात.

ब्रिफो सकाळपासून ठेवणीतला कोट घालून तयारच बसला होता.

"बागेतून नेता का मला?" त्याने शिपायाला विचारलं.

"तिकडून लांब पडतं, आजोबा."

"मी भराभर चालीन."

शिपायाला दया आली. असते एखाद्याला. ते त्याला बागेतून घेऊन गेले, आणि चेस्टनटखालची साठ माणसं उठून उभी राहिली. आधी एका कप्तानाने टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या. पाद्री फ्लोकेल पुढे आला, त्याचा चेहरा उतरलेला. "ब्रिफोबाबा," तो म्हणाला, "आम्हाला माफ करा." त्रिकार रुमालात तोंड घालून रडत होता. ब्रिफोने बेड्या घातलेले हात जमतील तितके उंच केले. आयुष्यात पहिल्यांदा साठ माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला काही बोलावंही लागत नव्हतं. तुरुंगाच्या दारापर्यंत तो हसत गेला.

बास्तीयमध्ये काही त्याला जागा मिळाली नाही. तिथे मोठी माणसं राहतात. त्याला नदीकाठच्या एका लहानशा तुरुंगात ठेवलं. त्याचीही त्याने तयारी ठेवली होती. ओली गवताची गादी, उंदीर, शिळी भाकरी. महिन्याभराने बाहेर पडताना आपण किती बारीक झालेलो असू, गाल किती बसलेले असतील, याचा तो विचार करत होता. पहिल्या दिवशी जेवणात कोंबडी आली. दुसऱ्या दिवशी मटण. तिसऱ्या दिवशी लोकरीचं पांघरूण.

"हे चुकून तर नाही ना आलं?" त्याने जेलरला विचारलं.

"फौजदारसाहेबांचा हुकूम आहे. काही कमी पडू द्यायचं नाही."

ब्रिफोने पांघरूण घडी करून दाराशी ठेवलं, आणि रात्री थंडी वाजली तेव्हा पुन्हा ओढून घेतलं.

नवव्या दिवशी तूर्नमिन स्वतः आला. येताना त्याने न्हावी आणला होता.

"मस्यू ब्रिफो, तुमची सुटका. दाढी करून घ्या, मग निघू."

"नऊच दिवस? अहो, निदान महिना तरी!"

"कशाला? कवितेची शिक्षा झाली. शिवाय तुम्ही आमच्या फार उपयोगी पडलात. खरं तर आभार मानायला आलोय."

"मी? मी कधी उपयोगी पडलो?"

तूर्नमिन खिडकीजवळ बसला. त्याला कुणाला दुखवायची हौस नव्हती. हिशेबी माणूस जसं गळकं छप्पर दाखवतो तसा तो सगळं दाखवत गेला. "झाडाखाली माझा एक माणूस आहे. फार चांगला. त्या गाण्याच्या प्रकरणानंतर तो उघडा पडायची वेळ आली होती. तेवढ्यात सगळे तुम्हालाच माशी म्हणायला लागले. पावसात कुणीतरी छत्री धरावी तसं झालं. आता तुम्ही आत आलात, तर पुन्हा शोधाशोध सुरू झालीय. म्हणून तुम्हाला लवकर परत न्यायला हवं."

"कोण आहे तो?"

"ते मी सांगणार नाही, मस्यू. पण तुमच्या विनोदावर मात्र कोतवालसाहेब फार हसले. हे बघा." त्याने कागद पुढे धरला. सुबक, गोल, कारकुनी अक्षर. तळाशी सही नाही. मधोमध एक ओळ: मंत्र्याचं डोकं म्हणजे बिनभोकाचं बटण, चकचकीत, पण कुठंच लावता येत नाही.

ब्रिफोने ती ओळ तीनदा वाचली. ती ओळ त्याने एकदाच म्हटली होती, आपल्याच घरी, आपल्याच टेबलाशी. तिथे चौघं होते. त्यातल्या उर्स्युलला लिहिता येत नव्हतं आणि सशाला बोलता येत नव्हतं.

"मला ठेवून घ्या," तो म्हणाला. "सहा महिने ठेवा. एक तरी ठेवा. अहो, निदान दोन फटके मारा!"

"फटक्यांचा हुकूम नाही."

"नऊ दिवसांत असं गुबगुबीत सोडलंत तर ते मला काय म्हणतील?"

"तेच म्हणतील," तूर्नमिन म्हणाला, "जे म्हणायला हवंय."

तूर्नमिन कोट घालायला वळला तेवढ्यात ब्रिफोने धावत जाऊन भिंतीवर तोंड आपटलं. एकदा, दोनदा. न्हाव्याने धरलं, रक्त पुसलं, तुरटी लावली आणि वर पावडरही लावली. मग त्याच दिवशी, रविवारी भर बारा वाजता, माणसांनी बाग फुललेली असताना, फौजदाराची दोन घोड्यांची गाडी बागेच्या दारापाशी थांबली. आधी तूर्नमिन उतरला, मग त्याने हात देऊन ब्रिफोला उतरवलं, त्याच्या हातात बरगंडी वाइनच्या दोन बाटल्यांची टोपली दिली, आणि टोपी काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फार आभारी आहे, मस्यू ब्रिफो. पुन्हा भेटूच."

ब्रिफो टोपली घेऊन झाडापर्यंत चालत गेला. टोपली फेकून द्यावी हे त्याला सुचलं नाही. चांगल्या बाटल्या होत्या. साठ माणसं बघत होती. या वेळी टोप्या डोक्यावरच.

"वजन वाढलं की, बाबा," पाद्री फ्लोकेल म्हणाला. "आणि डोळ्याला काय झालं? फौजदाराच्या उशीचा कोपरा लागला?"

"भिंतीवर आपटलं. मीच."

"पावडर कुणी लावली?"

"ऐका!" ब्रिफोचा आवाज फुटला. "नऊ वर्षं मी तुम्हाला खोट्या लढाया सांगितल्या. एकच खरं सांगतो, तेवढं ऐका. माशी आन्सेल्म त्रिकार आहे. मी कागद पाहिला. माझ्या टेबलावरची ओळ त्यात होती, त्याच्या अक्षरात!"

 वर एक पारवा फडफडला. मग साठ गळे एकदम फुटले:

"कडाड्!"

इतक्या जोरात की तिकडच्या कारंज्यापाशी बसलेल्या बायका दचकून उठल्या. त्रिकार हळूहळू पुढे आला. त्याच्या गालांवर खरे अश्रू होते. त्याने ब्रिफोला मिठी मारली, तुरटी लावलेल्या डोळ्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "माझा तुझ्यावर राग नाही, हिलेर. त्यांनी तुझ्याकडून हे वदवून घेतलंय." लोकांनाही रडू आलं. केवढा मोठ्या मनाचा माणूस! कुणीतरी ब्रिफोच्या कोटाच्या खिशातली पिशवी हिसकावली आणि मूठ मूठ बटणं त्याच्यावर फेकली. पितळी जास्त लागतात.

यानंतर ब्रिफो सहा वर्षं जगला, आणि ती सगळी सांगण्यासारखी नाहीत. उर्स्युल दुसऱ्या वर्षी गेली. जाताना तिने भावाला सांगितलं की मी कुणाला काही बोलणार नाही, पण लाकडांचं मात्र तू वाईट केलंस. त्रिकार गुरुवारी येईनासा झाला, कारण आता ससा कोण करणार? ब्रिफो मात्र रोज सकाळी दहाला बागेत यायचा. दुसरीकडे जायला त्याला जागा नव्हती. तो कड्यापासून वीस पावलांवर, शेवटच्या खुर्चीवर बसायचा. पेरपेतआई त्याला मोडकीच द्यायची.

एकदा त्याने तिला विचारलं, "आई, तुला तरी खरं वाटलं होतं का ते? मी त्रिकारचं नाव घेतलं तेव्हा?"

"खरं वाटायला काय झालं? मला आधीपासून माहीत होतं."

ब्रिफो खुर्चीतून अर्धा उठला.

"दर मंगळवारी तो त्या मागच्या झाडांखाली दोन खुर्च्या घ्यायचा. एक स्वतःला, एक त्या नासपतीवाल्याला. त्या खुर्च्या मीच उचलते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" तिने खडावेतला खडा झटकला. "खुर्चीवालीला लोक खुर्ची विचारतात. आणि खरं सांगू का, ब्रिफो? तू एक खुर्ची घ्यायचास आणि मोडून द्यायचास. तो दोन घ्यायचा आणि पुसून द्यायचा."

सहाव्या वर्षी, पानं पिवळी पडत होती तेव्हा, एका सकाळी ब्रिफो शेवटच्या खुर्चीवरून उठला आणि सरळ कड्यात शिरला. मंडळी इतकी चकित झाली की भुणभुणायचंही विसरली. नव्या मंडळींना तर तो कोण तेही धड ठाऊक नव्हतं. झाडाची जुनी माशी एवढंच त्यांनी ऐकलेलं. त्याने काठीने वाळूत नदी काढली नाही. एक लांबट चौकोन काढला, साधारण माणसाच्या मापाचा. खिशातून हाडाचं एक बटण काढून मध्ये ठेवलं.

"बातमी आहे," तो म्हणाला. "हिलेर ब्रिफो उद्या सकाळपर्यंत मरणार. छातीत दोन दिवस कळ येतेय."

पाद्री फ्लोकेलचं आता पोट सुटलं होतं, पण आवाज तसाच होता. त्याने हात वर केला आणि सगळे एकदम ओरडले:

"कडाड्!"

"घाई करू नकोस, हिलेर," त्रिकार प्रेमाने म्हणाला.

ब्रिफोने मान हलवली, टोपी नीट केली आणि घरी गेला. आयुष्यात त्याच्या दोनच बातम्या खऱ्या ठरल्या. ही दुसरी.

सकाळी पेरपेतआई खुर्च्या मांडून झाल्यावर कड्याशी आली. "ब्रिफो गेला," ती म्हणाली. "दूधवालीनं पाहिलं. खुर्चीतच होता."

"कडाड्!" मंडळी ओरडली. सवयच ती.

"ओरडा," ती म्हणाली. "त्याला आता ऐकू येत नाही. अहो त्रिकार, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्हाला सगळं कळतं."

त्रिकारने खोकून घसा साफ केला. बातमी पक्की आहे का, हे त्याने दोनदा विचारलं, कारण बातमीच्या बाबतीत तो काटेकोर होता. मग खिशातून कागद काढला, गुडघ्यावर धरला आणि गोल, सुबक अक्षरात लिहायला लागला: झाडाखालचा एक जुना खबरी काल रात्री वारला; कोतवालीतून कुणी फिरकलं नाही. नावापाशी त्याची पेन्सिल थांबली. नऊ वर्षं, दर गुरुवारी ज्याच्याकडे जेवला तो माणूस. त्याने मान वर करून विचारलं:

"ब्रिफोमध्ये फ एक की दोन?"

पेरपेतआईला कुठे लिहिता येत होतं? तिने वाळूतल्या चौकोनाकडे पाहिलं. त्यावरून सकाळपासून बरेच जण चालून गेले होते.

"एकच घाला," ती म्हणाली. "दुसरा कुणाला लागतोय?"

त्रिकारने एकच घातला.